पेटीला लावलेला बुक्का

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळही नाही. तो गेला तेव्हा रडले, पण आत कुठंतरी हुश्शही वाटलं—आता हा कधी विचारणार नाही. अशी मी बाई. पुढं ऐकायचं तर ऐका.

दाविद मास्तर म्हणजे आमच्या ख्रिस्ती लोकांतले नावाजलेले कीर्तनकार. एके काळी नगरकडे त्यांचं कीर्तन असलं की लोक बैलगाड्या जुंपून यायचे. चरित्र येशूचं, पण चाली सगळ्या आपल्याकडच्या—ओवी, अभंग, मधेच साकी. पुढं तरुणांना इंग्रजी चालीची गाणी आवडायला लागली आणि मास्तरांना बोलावणी येईनाशी झाली. स्वराज्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. पिंपरीला औषधांचा कारखाना निघाला, त्यात त्यांचा मुलगा लागला, आणि म्हातारा त्याच्याबरोबर चिंचवडला आला. रविवारी आमच्या लहानशा मंडळीत उपासनेच्या वेळी पेटी वाजवायची, एवढंच काय ते त्यांच्याकडे उरलं होतं.

आणि मला त्यांचा संशय यायचा. का यायचा? अहो, मला कुणाचा येत नव्हता! पण मास्तर अधूनमधून पेटी सायकलला बांधून देहूच्या रस्त्याला लागायचे, आणि मी कॅलेंडर पाहिलं तर तो दिवस नेमका एकादशीचा. विचारलं की म्हणायचे, "जुन्या ओळखी आहेत, बाई." जुन्या ओळखी! इथं पाणी मुरतंय, मी म्हटलं. पाळकसाहेबांच्या बायकोला सांगितलं, पंचांच्या बायकांना सांगितलं—म्हातारा फिरला, मागच्या दारानं जुन्या धर्मात परत चालला. कुणी विचारलं होतं मला? पण मला वाटायचं, सगळे झोपलेत आणि मी एकटी जागी आहे.

शेवटी एका एकादशीला मी स्वतःच देहूला गेले. नदीकडच्या एका घराच्या ओसरीवर भजन चाललं होतं. मास्तर मधोमध बसून पेटी वाजवत होते, आणि लोक "वा मास्तर!" म्हणत होते. आमच्या मंडळीत त्यांना तसं कुणी म्हणालेलं मला आठवत नाही. मी खांबाआड उभी राहिले.

भजन संपल्यावर एक म्हातारबुवा सगळ्यांच्या कपाळाला बुक्का लावत आले. मास्तरांसमोर थांबले. म्हणाले, "तुमच्यात चालत न्हाई, ठावं हाय आमास्नी. पेटीला लावतो." आणि चिमूटभर बुक्का पेटीच्या लाकडाला लावून पुढं गेले. मास्तर हसले. कपाळ कोरडं. कुठं पाया पडणं नाही, काही नाही. मी इतक्या जवळून पाहिलं.

मग मला बरं वाटायला हवं होतं ना? मला संताप आला. एवढ्या बायकांना सांगून बसले होते! आता जाऊन काय सांगू—म्हातारा नुसती पेटी वाजवतो? हसं झालं असतं माझं.

पुढच्या आठवड्यात सगळ्या मंडळीसमोर पंच बसले. रविवारी कुणाला तरी मास्तरांच्या पेटीच्या फटीत काळा बुक्का सापडला होता. मास्तरांनी घडलं तसं सांगितलं. कुणाचा विश्वास बसेना. तेव्हा ते माझ्याकडे वळले. त्यांनी मला पाहिलं होतं हो! "बाई होत्या तिथं, खांबाआड. अवघडतील म्हणून मी हाक मारली नाही. त्यांनाच विचारा," म्हणाले. साक्षीदार मिळाला म्हणून चेहरा कसा मोकळा झाला होता त्यांचा.

मी म्हटलं—थांबा, जरा थांबा. मी म्हटलं, "कपाळाला लावला. आणि वाकून पायाही पडले."

पाया पडल्याचं तर कुणी विचारलंही नव्हतं.

मास्तर माझ्याकडे बघतच राहिले. पंचांनी त्यांचं पेटी वाजवणं बंद केलं, आणि चारचौघांत पश्चात्ताप करीपर्यंत प्रभुभोजनाची भाकर बंद केली. न केलेल्याचा पश्चात्ताप कसा करणार? नाही केला. त्यांच्या जागी मंडळीच्या नव्या पेटीवर कोण बसलं ते आठवत नाही—खोटं. आठवतं. माझा नवरा बसला. त्यासाठी केलं का मी? तेव्हा विचारलं असतंत तर अंगावर धावून आले असते.

देहूलाही ते परत गेले नाहीत, म्हणे. पेटी मुलाच्या खोलीत माळ्यावर गेली. पण रविवारी यायचे. चपला काढतात तिथं, शेवटच्या रांगेत बसायचे. प्रभुभोजनाच्या रविवारी भाकरीचं ताट फिरत त्यांच्यापर्यंत आलं की हात मांडीवर ठेवून मान खाली घालायचे, आणि ताट त्यांना ओलांडून जायचं. ते वारले तोवर हे असंच चाललं.

मी बायकांच्या पहिल्या रांगेत बसायचे. ताट आधी माझ्याकडे यायचं. मी दर वेळी भाकर घेतली आणि खाल्ली.