भागरताच्या पायाचं सोंग

"हिला लुगडं वर घ्यायला सांगा," तो म्हणाला. तिला नाही. पाटलाला.

पाटलानं तिला सांगितलं, "घे वो वर. सायेब पाहून राह्यले."

आमचंच अंगण. चुलीवर शिंगाड्यांचा गंज उकळत होता. भागरता, माझी बायको, चुलीपाशी उभी. सकाळपासून तलावात शिंगाडे तोडून आताच बाहेर आली होती, लुगडं कंबरेपर्यंत ओलं. तिचा उजवा पाय हत्तीपायाचा. गुडघ्याखाली सुजून पाटलाच्या ओसरीच्या खांबाएवढा झालेला.

मी तिथंच जाळं सांधत बसलो होतो. नवऱ्याला विचारावं, हे कोणाच्या मनातसुद्धा आलं नाही.

तिनं लुगडं वर केलं. "आणखी," तो म्हणाला. मग पेनाच्या टोकानं तिच्या पिंडरीला दाबून पाहिलं. हात नाही लावला. पेन लावला.

स्वराज्य येऊन थोडीच वर्षं झाली होती. आमच्या जिल्ह्याला तेव्हा चांदा म्हणत, गडचिरोलीही त्याच्यातच होती. गोंडपिपरीच्या अंगाचं आमचं गाव. तलावाच्या पाळीखाली आम्हा ढिवरांची घरं. हा माणूस नागपूरचा. कोण्या एका पेपरचा नोकर नव्हता. रोगराईचं, विज्ञानाचं, नाच-तमाशाचं, जे भेटेल ते लोकांना विचारायचा आणि जो पेपर छापेल त्याला द्यायचा. मुलाखत म्हणत त्याला. तो शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

मुलाखत तिची होती. पण विचारत होता पाटलाला.

"हिला काय वाटतं, हे कशानं झालं?"

पाटील हसला. "हिले काय वाटन सायेब. तलावातल्या आसरांनी पाय धरला वाटते हिले. मासोळ्या मारते ना हे लोकं, म्हणून."

आसरा म्हणजे पाण्यातल्या बाया, माणसाला ओढणाऱ्या. सोबत आलेले सारे हसले. त्यानं ते लिहून घेतलं.

भागरता काहीच बोलली नव्हती. तो निघाला तेव्हा तिनं तोंड उघडलं. "सायेब, हे बरं होते का जी?"

पाटीलच बोलला. "सायेबानं विचारायचं असते. तू नाई विचारायचं."

साहेबाचा पेन अजून उघडाच होता. हे त्यानं लिहिलं नाही. वाळत घातलेल्या जाळ्याला डोकं लागू नये म्हणून वाकून गेला.

थोड्या दिवसांनी पेपर आला. चावडीत मास्तरानं वाचून दाखवला. मी भिंतीपाशी उभा होतो. हत्तीपाय डासापासून होतो, असं त्यात होतं. ते खरंच होतं, नंतर कळलं. पण पुढं होतं, "‘मासोळ्या मारल्या म्हणून आसरांनी माझा पाय धरला,’ असे ती भोळी ढिवरीण मला म्हणाली."

चावडी हसली. कोणीतरी म्हणालं, "वा रे, तुह्यी बायको तं पेपरात बोलाले लागली."

घरी येऊन मी तिला सांगितलं. ती शिंगाडे सोलत होती.

"मी असं कवा बोलली?"

"नाई बोलली."

"मंग कोण बोललं?"

"पाटील."

"तं त्याचं नाव काऊन नाई?"

मी दुसरीपर्यंत शिकलेला. छापलेलं ते खरं, असं मलाही वाटायचं. त्या दिवसापासून वाटेनासं झालं.

दिवाळी झाली, मंडई भरली. आमच्याकडं दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, पाहुणे येतात, दिवसा दंडार होते. गाणं, नाच, सोंगं. गावच्या दंडारीत ढोलकी माझी. ढोलकीवर होतो तोवर मला कोणी ढिवर म्हणून हटकत नसे.

नागपूरचा साहेब पुन्हा आला होता, ह्या वेळी दंडारीवर लिहायला. पाटलानं त्याला पुढं खुर्ची दिली. सुरू व्हायच्या आधी तो माझ्यापाशी आला. "वा, हात चांगला आहे तुझा. कोणाकडून शिकलास?" मी म्हटलं, "बापाकडून." त्यानं लिहून घेतलं. मला ओळखलं नाही. त्या दिवशी आमच्या अंगणात त्याच्यापासून हातभर अंतरावर बसलेला माणूस मी.

दोन गाणी झाली. मग शिरप्या आला. आमच्या दंडारीचा हसवणारा तो, माझ्यासोबत वाढलेला. लुगडं नेसलेला. उजव्या पायाला भाताचं तणस बांधून वरून चिंध्या गुंडाळलेल्या. ह्या सोंगाचं मला कोणी सांगितलं नव्हतं. तालमीला मला सोडून बसले होते.

पाय घासत तो मधोमध आला, लुगडं वर केलं आणि म्हणाला, "पाहा जी सायेब पाहा, आसरांनी धरला माह्या पाय."

सारी मंडई हसली. पाटील खुर्चीत मागं रेलून हसला. साहेब हसला आणि खाली मान घालून लिहू लागला.

हाताला सवय असते. माझे हात वाजवतच होते. मग मला बायकांमध्ये बसलेली भागरता दिसली. पाय लुगड्याखाली ओढून घेतला होता आणि ती हसत होती. आजूबाजूच्या बायका तिच्या तोंडाकडं पाहत होत्या म्हणून हसत होती. तिचं तसं हसणं मी त्याच्याआधी पाहिलं नव्हतं.

मी हात थांबवले.

ढोलकीवाचून शिरप्याला पाऊल टाकता येईना. एक पाय उचललेला तसाच उभा. "वाजव ना बे," तो दातांतून म्हणाला.

पाटील ओरडला, "काऊन रे, हात मोडला का?"

"हात नाई मोडला. वाजवत नाई."

"काऊन?"

"माह्यी बायको होय ते. अन् ते असं बोलली नाई." मी साहेबाकडं पाहिलं. "आसराचं पाटील बोलले होते. तुमी होते तिथी. लिवा."

त्याचा चेहरा जरा उतरला. मग म्हणाला, "अरे, गंमत आहे ही. कलेत एवढं मनावर घ्यायचं नसतं."

ढोलकी गळ्यातून काढून मी खाली ठेवली. बायकांमध्ये गेलो. "चाल," म्हटलं तिला. तिला उठायला वेळ लागला. लोकांनी वाट दिली. तिला भरभर चालता येत नव्हतं, म्हणून मीही हळू चाललो. सारी मंडई तिच्या पायाकडं पाहत होती. कोणी हसलं नाही. मदतीलाही कोणी आलं नाही.

पुढच्या हंगामात पाटलानं तलावात आम्हाला शिंगाड्याचा वेल लावू दिला नाही. आम्ही नदीवर मासोळीला जाऊ लागलो. दंडारीत मला परत कोणी बोलावलं नाही, मी गेलोही नाही. भागरता त्यानंतर चारचौघांत कधी बसली नाही. लग्नात गेली तरी मागं, भिंतीला पाठ लावून. पुष्कळ वर्षांनी गावात हत्तीपायाच्या गोळ्या आल्या. तोवर पाय दगड झाला होता.

यंदा ती गेली. तापानं. शेवटच्या आजारात तिचा पाय मी धुवायचो. सारी उमर तिनं मला त्याला हात लावू दिला नव्हता. कोमट पाणी, साबण, घड्या-घड्यांतून पुसायचं. ती तोंड भिंतीकडं करून पडायची. एकदा म्हणाली, "किळस येते का?" मी म्हटलं, "नाई." तेवढंच. मग झोपली.

ती गेल्यावर एक पोरगा आला. तोही सुटा पत्रकार. भला होता, खाली चटईवर बसला. त्यानंच मला सांगितलं, शिरप्याचं ते सोंग मेलं नाही. गावोगाव गेलं. आता मोठ्या मांडवात, लाइटीत, माइकवर होतं. त्याचं नाव पडलं हत्तीन. हत्तीन आली की लोक शिट्या मारतात. "ते तुमच्या गावातून निघालं म्हणतात, बाबा. एखादी मजेशीर आठवण सांगा ना."

मी त्याला सारं सांगितलं. त्याला वाईट वाटलं, डोळ्यांत दिसलं. तरी म्हणाला, "पण बाबा, ते पात्र आता लोकांचं झालं."

लोकांचं झालं. तिला विचारून झालं का?

ती बोलली नाही ते शब्द माणसं आजही तिच्या तोंडी घालतात आणि हसतात. ती मेली, तरी हसतात. मी म्हातारा झालो, पण पाय चालतात अजून. आजूबाजूच्या गावांत मंडई भरली की मी जाणार. पुढं बसणार. चिंध्यांचा पाय घेऊन तो गडी आला की उभा राहणार आणि म्हणणार, ही भागरता होय, माझी बायको, ती असं बोलली नाही, बंद करा. बस म्हणतील. बसणार नाही. धरून बाहेर काढतील. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी मंडई असते. तिथं जाईन.