लोवेल लिक्टी आणि तुटलेला रूळ

लोवेल लिक्टी मालगाड्यांना घाबरतो, हे अमेरिकेतल्या आमच्या अख्ख्या फोर्ट वेन शहरात माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. बाकीच्यांना तो रुळांकाठी घडीची खुर्ची टाकून बसणारा, इंजिनांचे नंबर वहीत टिपणारा म्हातारा म्हणूनच माहीत. चाळीस वर्षं त्यानं लोकांच्या खिडक्यांना काचा बसवल्या. निवृत्त झाल्यापासून रोज दुपारी गाड्या बघायला जायचा. मी त्याची शेजारीण. शाळेची बस चालवून निवृत्त झालेली. नवरा गेल्यावर मीही त्याच्याबरोबर जायला लागले.

एकदा विचारलं, "एवढं काय बघतोस रे त्या गाड्यांत?"

"बघत नाही, लक्ष ठेवतो," तो म्हणाला. मग हळूहळू सांगितलं. तो सात वर्षांचा असताना घरामागच्या रुळांवर गाडी घसरली आणि धान्यानं भरलेला एक मालडबा थेट त्यांच्या अंगणात आडवा झाला. कुणाला खरचटलंही नाही. "पण पाच मिनिटांपूर्वी आई तिथंच कपडे वाळत घालत होती, जोनेल. तेव्हापासून मला भोंग्याची भीती वाटते. गाडी डोळ्यांना दिसली तर जरा बरं वाटतं. नुसती ऐकू आली, तर फार वाईट."

त्या फेब्रुवारीत पारा शून्याच्या खाली अकरावर होता. केलर रस्त्याच्या फाटकापाशी आम्ही माझ्या मोटारीतच बसलो होतो. लोवेलच्या मांडीवर त्याचा छोटा रेडिओ. इंजिनचालकांचं बोलणं त्यावर ऐकू येतं. रेल्वेच्या त्या शाखेवर सिग्नल नाहीत. नियंत्रण कक्षाकडून रेडिओवर परवानगी मिळाली की गाडी निघते. सव्वा वाजता मक्याची एक लांबलचक गाडी गेली. तिचा शेवटचा डबा पुढे सरकला आणि बंदूक उडावी तसा आवाज झाला.

"कुणी गोळी झाडली?" मी दचकून विचारलं.

लोवेलचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो खाली उतरला, मीही मागोमाग. फाटकापासून वीस पावलांवर रूळ तुटला होता. चार बोटांची फट. तुटलेलं लोखंड ताजं, चकचकीत दिसत होतं.

तेवढ्यात रेडिओ खरखरला. पुढच्या गाडीला परवानगी मिळाली होती. आठ मैलांवर होती ती, एकशे सहा डबे.

"ती रसायनाच्या टाक्यांची," लोवेल पुटपुटला.

फाटकाच्या खांबावर निळी पाटी असते, अडचणीत फोन करायचा नंबर तिच्यावर लिहिलेला. पाटीवर बर्फ साचला होता. मी नखांनी खरवडला. फोन लावला आणि त्याच्या हातात दिला, कारण रुळांचं त्याला कळतं, मला नाही. पलीकडून नियंत्रण कक्षातला माणूस बोलला. लोवेलनं तोंड उघडलं, पण शब्दच फुटेना.

"बोल ना रे!" मी ओरडले.

"रूळ... रूळ तुटलाय. केलर रस्ता."

"साहेब, रुळांच्या जोडाला थोडी फट असतेच."

"माझा हात जातो आत! गाडी थांबवा, माझ्या बापा, थांबवा!"

पलीकडच्या माणसानं फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला. मग आमच्या रेडिओवर त्याचाच आवाज ऐकू आला, गाडीला हाक मारणारा. उत्तर नाही. पुन्हा हाक मारली. पुन्हा नुसती खरखर. मग फोनवर, "तुम्ही तिथून निघा. लांब जा."

मी मोटारीकडे पळाले. लोवेल हलला नाही. रुळांपलीकडच्या घराच्या धुराड्यातून धूर निघत होता.

"तिथं कुणीतरी आहे," तो म्हणाला.

मी मोटार रुळांवरून पलीकडे नेताना त्यानं डोळे गच्च मिटून घेतले होते. दार उघडलं ते एका आजीबाईंनी. हात पिठानं माखलेले.

"मला काही विकत घ्यायचं नाही."

"बाई, बाहेर या! गाडी घसरेल!"

"मग बूट तर घालू देशील की नाही?"

दूरवर भोंगा वाजला. लोवेल गुडघ्यांवर बसला आणि त्यांच्या पायांत बूट चढवू लागला. नाड्या तशाच राहिल्या. आम्ही दोघांनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून मोटारीत कोंबलं. मी शेताच्या बांधाकडे मोटार पळवली. तेव्हाच मागून ब्रेकची किंकाळी ऐकू आली, शंभर चाकं एकदम लोखंडावर घासल्यासारखी. आरशात इंजिनाचा दिवा मोठा मोठा होत होता. मी देवाचं नाव घेतलं. लोवेल मान वळवून पाहत होता, पापणी न लववता.

पहिलं इंजिन माणसाच्या चालीनं फटीवर आलं. धाड! मग दुसरं. धाड! आणि सगळं थांबलं. काहीच घसरलं नाही.

चालक होती ट्रीना नावाची तरणी बाई. खाली उतरून तिनं दुसऱ्या इंजिनाखाली वाकून पाहिलं आणि बर्फातच बसकण मारली. "रेडिओवर आधीचं काही ऐकूच आलं नाही," ती म्हणाली. "फक्त शेवटचं 'थांब, थांब' तेवढं."

आजीबाईंनी तिला घरात नेऊन कॉफी दिली. लोवेल काही आत गेला नाही. तो कुंपणाशी ओकत होता.

नंतर रेल्वेचं आभाराचं पत्र आलं. त्यानं ते उघडलंही नाही. भोंगा ऐकला की तो तळघरात जाऊन बसायचा, भरदुपारीसुद्धा. मी जिन्यावर बसून राहायची.

"आवाजच फुटेना गं," तो म्हणायचा. "तू नसतीस तर?"

"पण फुटला ना शेवटी."

"त्या वेळी फुटला. पुढच्या वेळी?"

मी एक पायरी आणखी खाली सरकायची.

एप्रिलमध्ये एके दिवशी तो टोपी घालून माझ्या दारात उभा राहिला. "तळघरातून गाडी दिसत नाही," एवढंच म्हणाला. आता आम्ही रुळांपासून बरंच लांब, बेकरीच्या मागच्या आवारात थांबतो. परवा एकशे चाळीस डब्यांची गाडी गेली. शेवटचा डबा नजरेआड होईपर्यंत त्यानं माझी बाही घट्ट धरून ठेवली होती.