जलपरीला बाग दाखवताना

अकोला मागे पडलं तेव्हा नुकतं उजाडत होतं. खिडकीबाहेर सपाट काळी रानं पसरली होती. कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या (कपाशीची वाळकी झाडं) अजून उभ्याच होत्या, आणि त्यांच्या बोंडांत राहिलेला चुकार कापूस धुक्यात तरंगल्यासारखा दिसत होता. मधूनच एखादा पळस येई, पानं झडलेला आणि पेटलेला. फेब्रुवारीचे दिवस. पुण्याहून रात्रभर प्रवास करून मी कितीतरी वर्षांनी इकडे येत होते, आणि कशाला येतेय हे कुणाला सांगितलं तर हसू येईल असं कारण होतं. मला एक बाग पाहायची होती. ती आता उरलेली नाही, हे फोनवर स्पष्ट सांगितलं गेलं होतं तरी.

अमरावतीहून वलगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझ्या लहानपणी नंदनबाग होती. एका हौशी शेठनं शेतात उभी केलेली. हिरव्या अळीच्या आकाराची आगगाडी, सोंडेतून घसरून खाली यायचं असा सिमेंटचा हत्ती, वेडंवाकडं दाखवणाऱ्या आरशांची खोली आणि सगळ्यांच्या टोकाला जलपरीचा महाल. पुण्यामुंबईच्या मुलांना हे काहीच वाटणार नाही. पण आठ वर्षांच्या मला ती पृथ्वीवरची सर्वांत मोठी जागा वाटली होती.

त्या उन्हाळ्यात आम्ही आईच्या माहेरी, अकोल्याला आलो होतो आणि आई आजारी पडली. तिला तिथल्या दवाखान्यात ठेवलं, बाबा तिच्याजवळ राहिले आणि मला अमरावतीला मावशीकडे पाठवलं. तिला काय झालंय, ती कधी येणार, मला कुणीच सांगत नव्हतं. मी खोलीत आले की मोठी माणसं बोलणं बदलत. एका रविवारी काका आम्हां मुलांना नंदनबागेत घेऊन गेले. जलपरीच्या महालात अंधार होता. मोठ्या काचेपलीकडे हिरवट पाणी, त्यात मासे, आणि त्या पाण्यात बसलेली ती. मोकळे केस, चंदेरी शेपटी. एका पितळी नरसाळ्यातून तिला प्रश्न विचारता यायचा. बाकीची मुलं परीक्षेचं विचारत होती. मी विचारलं, "माझी आई घरी येणार का?"

नरसाळ्यातून आवाज आला, "तुले पोहता येते का?"

"नाही."

"मग शिक. आई येईपरेंत शिक."

एवढंच. मी त्याच आठवड्यात मावसभावाच्या, विजूदादाच्या मागे लागले आणि काकांच्या वलगावच्या मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकले. त्या उन्हाळ्यातलं बाकी सगळं धूसर आहे, पण विहिरीचं थंडगार पाणी आणि वरचा आभाळाचा गोल तुकडा मला आजही लख्ख दिसतो. पावसाळा संपता संपता आई आली. पुढे खूप जगली. गेल्या वर्षी ती शांतपणे गेली, आणि त्यानंतर मला ती बाग सारखी आठवू लागली.

बडनेऱ्याच्या स्टेशनवर विजूदादा गाडी घेऊन आला होता. केस पांढरे झालेत, पण बोलणं तेच.

"अवं, एवढ्या दूरून काय पाहाले आली तू? तिथं नुसते पलाट (प्लॉट) पडले."

"पाहू तर खरं."

"पाह्य बाप्पा. पण आधी खाऊन घे."

त्यानं मला शहरात एका गाडीवर नेलं आणि समोर गिलावडा ठेवला. डाळीचा वडा, दह्यात आणि चटण्यांत इतका भिजवलेला की चमच्यानं तुटतो. म्हणून 'गिला', म्हणजे ओला. तिखट असं की डोळ्यांत पाणी आलं, आणि दह्यानं ते लगेच पुसलं. दोन प्लेटी कशा संपल्या कळलं नाही.

वलगावच्या रस्त्यावर संत्र्याला बहर आला होता. फुलं दिसत नव्हती, वास मात्र गाडीभर होता. आणि मग विजूदादानं गाडी थांबवली. समोर मोकळं मैदान. पांढरे दगड रोवून आखलेले चौकोन, मधून मुरमाचे रस्ते, कुठंतरी एकच अर्धवट घर. फफुट्यात (मऊ धुळीत) माझे पाय बुडाले. मी इकडून तिकडे चालले. फाटक कुठं होतं? हत्ती कुठल्या बाजूला? कशाचा म्हणजे कशाचाच पत्ता लागेना. डोळ्यांसमोर असलेलं ते मैदान आठवणीतल्या बागेवरही पसरायला लागलं, तशी मी घाबरून गाडीत जाऊन बसले. उगाच आले, असं वाटलं.

"विहीर आटली, तळं आटलं. शेठ गेला, पोरायनं इकून टाकलं," विजूदादा म्हणाला. मग माझ्याकडे बघून जरा हळू आवाजात, "म्हणून तं म्हणत होतो, येऊ नोको."

रात्रीच्या जेवणाला वहिनीनं वांग्याची भाजी आणि गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे केले होते. मी जलपरीची गोष्ट सांगितली. वहिनी वाढता वाढता थांबली.

"तुमची जलपरी अकोल्यात राहते," ती म्हणाली. "कुसुमताई. आमी एकाच शाळेत मास्तरणी होतो. रिटायर झाल्या तेव्हा निरोपाच्या भाषणात त्यायनं सोताच सांगितलं. सारी शाळा हसली होती."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. ती जलपरी कुणीतरी बाई असेल, तिला नाव असेल, ती कुठंतरी राहत असेल, असा विचार इतक्या वर्षांत माझ्या मनात एकदाही आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही अकोल्याला निघालो. मूर्तिजापूरच्या पुढे टायर पंक्चर झालं. विजूदादा जॅक लावत होता आणि मी रस्त्याकडेच्या बाभळीखाली उभी राहून तिला काय विचारायचं याची जुळवाजुळव करत होते. काही जुळलं नाही.

कुसुमताईंचं घर कृषी विद्यापीठाजवळच्या कॉलनीत आहे. पुढच्या खोलीत बुद्धाची पांढरी मूर्ती, तिच्यापुढे ताजी शेवंती. दार उघडणाऱ्या बाई ठेंगण्या, सावळ्या, जाड चष्म्याच्या. गुडघ्यावर हात ठेवून चालत होत्या. आवाज मात्र मी लगेच ओळखला. आम्ही कशाला येतोय ते वहिनीनं फोनवर सांगून ठेवलं होतं.

त्यांनी सांभारवडी (कोथिंबिरीची वडी) पुढं ठेवली आणि मी न विचारताच सांगू लागल्या.

"मी तवा अमरावतीले डी.एड. करून राहिली होती. बाबा मजुरीले जायचे. फीपुरतं तं कमवाले पाह्यजे. सुट्टीच्या दिवशी जलपरी व्हायची. पाणी कुठं होतं बाई? दोन काचा, त्याच्यामंधी पाणी आन् मासे. मी मागं कोरडी ठणठणीत, खुर्चीवर बसली. शेपटीत कापूस भरला होता. उन्हाळ्यात असं गरम होये, का काय सांगू!"

मग मी माझा प्रश्न सांगितला आणि त्यांचं उत्तरही. त्यांनी चष्मा काढला, डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला.

"नाई आठवत," त्या म्हणाल्या. "खोटं कायले बोलू. लई लेकरं इचारत. माही म्हैस सापडन काय, मी पास होईन काय. शेठनं सांगून ठेवलं होतं, सगळ्यायले हो म्हणायचं. तुले 'हो' नाई म्हटलं मंजे माही जीभच रेटली नसन." आणि एकदम पुढं वाकून, "मग आई आली का तुही?"

"आली. चांगली म्हातारी होऊन गेली."

"बरं झालं माय, बरं झालं." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. जणू ती बातमी आजचीच होती आणि तेवढ्यासाठीच त्या थांबून राहिल्या होत्या. "आन् पोहणं शिकली का?"

"शिकले. या विजूदादानंच शिकवलं."

"मले तं अजून येत नाई!" आणि आम्ही तिघंही हसत सुटलो.

निघताना त्या म्हणाल्या, "एक सांगशीन का? त्या बागेत काय काय होतं गं?"

मला कळेना. "तुम्ही तर तिथंच होतात ना?"

"मी कुठं पाहिली बाग? मागच्या फाटकातून यायचं, मागच्या फाटकातून जायचं. जलपरी पायानं चालतानी दिसली, तं तिकीट कोण काढन? बाहेर फिराले बंदी होती. दिवसभर गाडीची शिट्टी आयकू ये. एका बाजूनं लेकरं पोट धरधरून हसत, तेही आयकू ये. कायले हसून राहिले, ते काई समजे नाई. नोकरी लागल्यावर म्हटलं, एकदा तिकीट काढून जाऊ. राहूनच गेलं. मग बंदच झाली."

"चला, मी दाखवते," मी म्हणाले. शब्द तोंडातून गेल्यावर मला ते मैदान आठवलं.

"काय दाखवतं वं तिथं?" विजूदादा म्हणाला. पण कुसुमताई तोवर साडी बदलायला आत गेल्या होत्या. त्या आल्या त्या जांभळ्या रेशमी काठाची साडी नेसून, केसांत शेवंती माळून. कुठंतरी समारंभाला निघाल्यासारख्या.

ऊन कलताना आम्ही पोचलो. मी परत एकदा तशीच हरवलेली. कुसुमताई मात्र रस्त्याच्या पुलाकडे बघत होत्या.

"हा नाला तोच. याच्याच काठानं यायची मी. मंजे मागचं फाटक इथं." त्या दगडांमधून मोजक्या पावलांनी चालत गेल्या आणि थांबल्या. "आन् माहा महाल इथं."

"शिट्टी कुठून ऐकू यायची?"

त्यांनी डावा हात उचलला. "इकून."

मग मला दिसलं. गाडी डावीकडे, म्हणजे फाटक पलीकडे, म्हणजे हत्ती त्या अर्धवट घराच्या जागी. मला पुढची बाजू ठाऊक होती, त्यांना मागची. दोन्ही जुळल्याबरोबर सगळी बाग जागच्या जागी येऊन उभी राहिली. मी त्यांचा हात धरून त्यांना पुढच्या फाटकापाशी नेलं, कारण सुरुवात तिथूनच करायला हवी होती.

"इथं कमान. कमानीवर दोन मोर, एकाची मान तुटलेली. आता गाडी. पायरी उंच आहे, जपून."

त्यांनी खरंच साडी किंचित उचलली. तेवढ्यात हातात काठी घेतलेला एक राखणदार आला.

"कॉर्नरचा पलाट पाह्यजे का?"

"नाई भाऊ," कुसुमताई म्हणाल्या, "आमी गाडीत बसून राहिलो."

तो विजूदादाकडे बघू लागला. मला वाटलं, दादा आता आमची टिंगल करणार. पण त्यानं खाली वाकून चपलेतला खडा काढला, सरळ उभा राहिला आणि तोंडात दोन बोटं घालून लांबलचक शिट्टी वाजवली. राखणदार दचकला. आमची गाडी निघाली. मुरमाच्या रस्त्यावरून, वळणावर थोडी कलत, मी पुढे, कुसुमताई माझ्या खांद्यावर हात ठेवून मागे.

"हा हत्ती. सोंडेतून खाली यायचं. सोंडेत अंधार असायचा, आणि मधेच भीती वाटायची की आपण अडकणार."

"नोको, हत्ती नोको. गुडघा आहे."

"मग आरशाची खोली." मी त्यांना एका चौकोनाच्या मधोमध उभं केलं. "हा पहिला आरसा."

"मी कशी दिसून राहिली?"

"उंच. ताडाएवढी. मान तर विचारूच नका."

"आन् याच्यात?"

"बुटकी. पोट असं, आणि पाय नाहीतच."

त्या आधी नुसत्या हसल्या. मग पोट धरून हसल्या. चष्मा घसरला, शेवंतीची वेणी सुटली, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "हे! हे होतं होय! याच्यासाठी हसत होते लेकरं!" त्या एकदा या दगडाकडे बघून हसत, एकदा त्या. राखणदारही हसायला लागला, कशाला ते त्याला कळलं नव्हतं. उतरतं ऊन त्या मोकळ्या मैदानावर पसरलं होतं, वाऱ्याबरोबर संत्र्याच्या फुलांचा वास येत होता, आणि मला त्या क्षणी तिथं एकही गोष्ट कमी वाटत नव्हती.

कुसुमताईंना विजूदादानं त्याच रात्री अकोल्याला सोडलं. माझी परतीची गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळची होती. बडनेरा सुटल्यावर मी खिडकीशी बसून राहिले. बाग पाहायला आले होते ती माझ्यासाठी, आई गेल्यावर रिकामा झालेला कुठला तरी कोपरा भरेल म्हणून. तो भरला की नाही, मला सांगता येणार नाही. पण नंदनबाग गेली असं मी आता म्हणू शकत नाही. कालच तर तिथं कुणीतरी पहिल्यांदा आलं होतं.

अकोल्याला गाडी थांबली तेव्हा कुसुमताई फलाटावर उभ्या होत्या, हातात भाकरीचा डबा. तो खिडकीतून माझ्या हाती देत त्या घाईघाईनं म्हणाल्या, "सपन पडलं मले. मी बागेत फिरून राहिली होती. तीच जलपरी, तेच मोकळे केस. आन् पायात चप्पल!"

"मग? लोक काय म्हणाले?"

"कोणी काईच म्हणे नाई. सारे सरकून जागा देत होते."

गाडी हलली. त्या हात हलवत थांबतील असं मला वाटलं होतं. पण एका हातानं गुडघा धरून, पदर सावरत, त्या खिडकीबरोबर चालत राहिल्या, पार फलाट संपेपर्यंत.