दोन नंबरच्या स्टेअरिंगवरचा दुपट्टा

जूनचा दुसरा मंगळवार, सकाळचे साडेनऊ. हजर : मुख्य प्रशिक्षक धोटेकाका, नव्या तुकडीतले अकरा चालक आणि मी. यायचे आहेत : विलासभाऊ गजभिये, दहा वाजता, काम – दोन नंबरची फेरी. हजेरीचा कागद मी रोज असाच लिहिते. दहाला पाच कमी असताना विलासभाऊंच्या नंबरवरून फोन आला. मी नेहमीसारखं म्हणाले, "या, चहा टाकायला सांगते." पलीकडे त्यांची बायको होती, ज्योतीवहिनी. "ताई, हे गेले..." एवढंच त्या बोलल्या. सकाळी छातीत कळ आली, शेजाऱ्यांनी ऑटोत घातलं, पण दवाखाना यायच्या आधीच सगळं संपलं होतं. बावन्न वर्षांचे होते. मी कागद खाली ठेवला, मग पुन्हा उचलला आणि तुकडीला सुटी दिल्याची वेळ त्यावर लिहिली.

या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. त्यांच्याबद्दल लिहायचं तर आधी आमचं काम सांगायला हवं. शहराबाहेरच्या वाडीला, ट्रान्सपोर्टच्या गोदामांच्या रांगेत, जड वाहन चालवायला शिकवणारं आमचं केंद्र आहे, त्याचा कारभार मी पाहते. खऱ्या ट्रकवर बसवण्याआधी आम्ही माणसाला खोट्या ट्रकवर बसवतो. सीट, स्टेअरिंग, तीन पेडल, समोर तीन मोठे पडदे, आणि मागे एक संगणक, जो पडद्यावर रस्ता काढतो. अशा दोन जागा आहेत, एक नंबर आणि दोन नंबर. सिनेमात चित्र आधीच तयार असतं. इथे चालकाने स्टेअरिंग फिरवलं की त्याच क्षणी रस्ता वळावा लागतो, म्हणजे संगणकाला सेकंदात साठ वेळा नवं चित्र काढून द्यावं लागतं. त्यातलं एखादं उशिरा आलं तर डोळ्यांना कदाचित कळत नाही, पोटाला मात्र कळतं.

यंत्रं आली तेव्हा ती बसवायला कंपनीचा एक इंजिनीअर आला होता. त्याने पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा दाखवून सांगितलं की सेकंदाला चित्रांची सरासरी फार उत्तम आहे. धोटेकाकांनी तीस वर्षं घाटातून ट्रक उतरवलेले, त्यांना बसवलं. पंधरा मिनिटांत ते उठले आणि बाहेर कडुनिंबाखाली जाऊन सकाळचा नाश्ता मोकळा करून आले. विलासभाऊ त्या दिवशी ऑफिसचा प्रिंटर दुरुस्त करायला आलेले. आधी टीव्ही, मग संगणक दुरुस्त करणारा वाडीतला माणूस, एवढीच माझी त्यांची ओळख. प्रिंटर उघडा टाकून ते पडद्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "सरासरी चांगली हाय, साहेब. पण सरासरीवर गाडी चालवते का कोणी? नव्व्याण्णव पावलं बरोबर पडली अन् एका पावलाले ठेच लागली, तर माणूस पडतेच नं." तेव्हापासून आमच्याकडे त्या अडखळण्याला ठेच हाच शब्द पडला. इंजिनीअर गेला, विलासभाऊ राहिले.

मला वाटलं होतं की ते संगणक अधिक वेगवान करतील. त्यांनी उलट त्याला आवरलं. कधी ऐंशी, कधी शंभर अशा उड्या मारणाऱ्या यंत्राला त्यांनी साठावर बांधून टाकलं. आपोआप होणारे अपडेट बंद केले, इंटरनेटची वायर काढून ड्रॉवरमध्ये ठेवली, वीज वाचवण्यासाठी यंत्र मधेच डुलक्या काढायचं ती सोय बंद केली. खोलीतला पाण्याचा कूलर काढायला लावला, कारण मे महिन्यात त्याची दमट हवा आणि गोदामांची धूळ मिळून पंख्यांवर चिखल बसायचा. कॅबिनेटमधले रंगीत दिवे काढताना म्हणाले, "हे वरातीले लागते, आपल्याले कायले?" चित्रं काढणाऱ्या कार्डाचं ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, जो नीट चालला तोच कायम ठेवला. नवा आला म्हणून नवा घालायचा नाही.

आणि त्यांचा एक नियम होता. एका वेळी एकच बदल. बदल केला की यंत्राला दोरीने बांधलेल्या वहीत लिहायचा. वहीत चार रकाने – तारीख, काय केलं, काहून, निकाल. 'काहून'च्या जागी मी एकदा नीट 'कारण' असं लिहिलं, तर दुसऱ्या पानावर पुन्हा 'काहून' आलं. मग मी तो नाद सोडला. बदल केला की ते स्टेअरिंगला आपला एक जुना, चौकड्यांचा दुपट्टा गाठ मारून बांधत. उन्हाळ्यात डोक्याला बांधून बांधून विरलेला. दुपट्टा आहे तोवर त्या सीटवर कोणी बसायचं नाही. निकालाचा रकाना भरला की गाठ सुटायची, आधी नाही.

निकाल भरण्यासाठी फेरी लागायची, आणि फेरीला मी. विलासभाऊंना चारचाकी येत नव्हती. धोटेकाका त्यांना चिडवायचे, "स्कुटीच्या पुढं गेला नाही अन् ट्रकचा रस्ता बनवून राहिला!" ते हसून म्हणायचे, "तुमाले येते नं काका, घरात एकाले आलं तरी पुरते." पण काका आता सरावले होते, त्यांना ठेच लागली तरी कळायची नाही. मला बसमध्येही मळमळतं. हे कळल्यावर विलासभाऊंचा चेहरा असा खुलला की जणू मी नवीन मशीन मंजूर केलं. "मॅडम, तुमचं पोट माहं मीटर!" मग पद्धत ठरली. मी सीटवर बसून चाळीस मिनिटं गाडी चालवायची आणि जरा जरी गचका वाटला की "आता" म्हणायचं. ते मागे स्टॉपवॉच घेऊन उभे राहायचे आणि कागदावर रेघ मारायचे. संगणकाने स्वतः नोंदवलेल्या ठेचांशी त्या रेघा नंतर ताडून पाहायचे. चाळीस मिनिटांत मागून एकच वाक्य यायचं, "बोला मॅडम." मी गप्प असले की त्यांना बरं वाटायचं.

माझी चूकही इथेच लिहायला हवी, कारण त्याशिवाय हा माणूस कळणार नाही. दोन वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नासाठी ते आठवडाभर सुटीवर होते. मला कामं साचलेली आवडत नाहीत. एक नंबरसाठी कंपनीने पाच अपडेट काढलेले होते. मी यादी केली, ड्रॉवरमधली वायर काढून जोडली, दुपारच्या जेवणाआधी पाचही उरकले, पाचही ओळींवर टिक केली. वहीत लिहिलं नाही, फेरी घेतली नाही. माझी यादी होतीच की. त्याच आठवड्यात पारशिवनीकडचे एक वामन उईके शिकायला होते. वय चाळीस, आयुष्यभर ट्रॅक्टर चालवलेला, ट्रकवर नोकरी मिळावी म्हणून आलेले. पडद्यावरच्या रेल्वे फाटकाच्या प्रसंगात त्यांनी तीन वेळा ब्रेक उशिरा मारला. मी त्यांच्या कागदावर लिहिलं, 'प्रतिक्रिया मंद. जड वाहनासाठी अयोग्य.' त्यांनी कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी आले नाहीत.

विलासभाऊ परत आले, वही उघडली, यंत्र चालू केलं, आणि फाटकापाशी थांबले. फाटक खाली येतानाच चित्र अडखळत होतं. चालकाला ते दिसायलाच उशीर व्हायचा. त्यांनी विचारलं, "काय बदललं?" मी यादी दाखवली. टिक केलेली, सुबक. ती त्यांनी शांतपणे वाचली. "पाचातलं कोणतं, मॅडम?" एवढंच विचारलं त्यांनी, आवाज न चढवता, आणि एकेक बदल मागे घ्यायला बसले. प्रत्येक बदलानंतर फेरी, प्रत्येक फेरीनंतर रेघा. नऊ दिवस लागले. ते संपल्यावर मी हुश्श केलं तर म्हणाले, "मशीनचं झालं. त्या उईकेले कोण सांगन?"

मी म्हणाले, फोन करते. ते म्हणाले, "कागद हातात देल्ला होता नं तुम्ही? मंग हातातूनच वापस घ्या लागन."

आम्ही रविवारी गेलो, मी एसटीने, ते स्कूटरवर, कारण स्कूटरवर मागे बसायला मी तयार नव्हते. उईके अंगणात ट्रॅक्टरचं चाक काढून बसले होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं की दोष यंत्रात होता आणि तो माझ्यामुळे आला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. विलासभाऊंना म्हणाले, "मले वाटलं, पाय म्हातारा झाला गा. घरी बोललोच नाही. तवापासून ट्रॅक्टर बी हळूच चालवून राहिलो..." विलासभाऊ त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले. "पाय चांगला हाय, भाऊ. मीच उशिरा दाखवलं तुमाले फाटक." मी दुरुस्त करायला गेले, की 'मी' नाही, त्या वेळी हे रजेवर होते. त्यांनी हातानेच मला थांबवलं. उईकेंनी आतून कागद आणला. घडीवर फाटायला आलेला होता. मी तो परत घेतला. पुढच्या तुकडीत ते पास झाले, आता वाडीतूनच ट्रेलर नेतात.

तेव्हापासून वहीशिवाय मी एक स्क्रूसुद्धा फिरवलेला नाही. विलासभाऊंनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही. फक्त मी नवी यादी घेऊन आले की म्हणायचे, "पाच हायेत का? ठेवा, पाच दिवस हायेत आपल्यापाशी."

त्यांचा कामाचा शेवटचा दिवस सोमवार. दोन नंबरवर वीस मिनिटांनंतर, पुलाच्या वळणावर, एक बारीक ठेच राहिली होती. चालकांपैकी कोणालाच जाणवली नव्हती, मलाही फक्त दोनदा. ते चार दिवस तिच्या मागे होते. धोटेकाका म्हणालेही, "जाऊ दे नं बाप्पा, एवढी तर खऱ्या रस्त्यावर बी लागते." त्यांनी उत्तर दिलं, "खऱ्या रस्त्यावर खड्डा दिसते, काका. हे दिसत नाही." संध्याकाळी पाचला त्यांनी संगणकाच्या पंख्याची सेटिंग बदलली, वहीत लिहिलं, दुपट्टा बांधला. मी पर्स उचललेली पाहून म्हणाले, "आता बसता का, मॅडम? चाळीसच मिनिटं." मी म्हणाले, उद्या दहाला, यादीत लिहिते. "लिहा मंग, पक्कं," ते म्हणाले आणि स्कूटर काढली.

अंत्यविधीला वाडीतले दुकानदार, आमचे जुने चालक, आणि गोदामाच्या बाहेर ट्रेलर उभा करून आलेले उईके. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात पांढऱ्या कपड्यांतल्या बायकांमध्ये मी बसले होते. वंदना झाल्यावर, जेवणाच्या वेळी, ज्योतीवहिनींनी मला बाजूला घेतलं. "ताई, ते रात्री जेवताना बोलले होते, उद्या मॅडमचं पोट काय म्हणते पाहू. काय म्हटलं मंग पोटानं?" मी सांगितलं, अजून बसले नाही. त्यांनी माझ्या ताटात आणखी एक चमचा भाजी वाढली.

व्यवहाराने पाहिलं तर अडचण काही नाही. वही पूर्ण आहे. फेरीत ठेच लागली तर शेवटची ओळ वाचून पंखा पूर्वीसारखा करता येईल, नवा माणूसही करेल. मिहानच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीतला तंत्रज्ञ महिन्यातून दोनदा यायला तयार आहे, तो येऊन वही पाहून गेला, म्हणाला, इतकी स्पष्ट नोंद त्याने कुठे पाहिली नाही. धोटेकाका मागे स्टॉपवॉच घेऊन उभे राहायला तयार आहेत. दोन नंबर बंद असल्यामुळे चालकांना एका सीटवर पाळीपाळीने बसवावं लागतं, प्रत्येकाला निम्माच सराव मिळतो, आणि त्या तेवढ्या सरावावर ते पुढे खऱ्या रस्त्यावर जाणार आहेत. हे मला कळतं. परवा उईके माल भरायला आले असताना आत डोकावले. बंद सीट पाहून म्हणाले, "ताई, बांधूनच हाय अजून?" मी म्हणाले, हो. "माह्यावाल्या वेळी त्यांनी नऊ दिवस लावले होते..." असं काहीसं म्हणून निघून गेले.

फेरी न घेण्याची कारणं मी लिहून काढली होती. तीन निघाली. दुसऱ्या दिवशी वाचली तर तिन्ही खोडून टाकण्यासारखी होती, म्हणून खोडली. गेल्या शुक्रवारी सीटपर्यंत गेले. गाठ साधीच आहे, एका ओढीत सुटेल. कापडाला अजून घामाचा आणि मशीनच्या धुळीचा वास आहे. मागे कोणी "बोला मॅडम" म्हणालं नाही, आणि मी बाहेर येऊन हजेरीच्या कामाला लागले.

वहीतली शेवटची ओळ अशी आहे. काय केलं : पंखा पहिल्यापासून एकसारखा ठेवला. काहून : वीस मिनिटांनी तापते, मग पंखा दचकते. निकाल : मॅडमची फेरी बाकी.

उद्याच्या यादीत ही फेरी पहिल्या क्रमांकावर लिहिली आहे. पाच आठवडे रोज तीच पहिली आहे.