मराठी संदेश बंद

आदिलाबादला आमचं शेतातल्या मोटारींच्या कंट्रोल-डब्यांचं वर्कशॉप आहे. विहिरीवरची मोटार कोरडी चालायला लागली की डबा ती बंद करतो आणि छोट्या पडद्यावर कारण दाखवतो. आतला प्रोग्राम नवऱ्याने आणि मी सी भाषेत लिहिला. बहुतेक काम माझं, पडद्यावरची वाक्यं त्याची. इतरांचे डबे इंग्रजी नाहीतर तेलुगू दाखवतात. नवरा आपल्या बोलीत लिहायचा: "हिरीत पानी नाही. मोटार बंद केली. उगाच बटन दाबू नको."

गेल्या वर्षी तो हृदयविकाराने गेला. तेरावं झालं आणि मी वर्कशॉप उघडलं. ऑर्डरी पडून होत्या. काही महिन्यांनी डब्यातली जुनी चिप मिळेनाशी झाली. मिळाली ती निम्म्या मेमरीची. प्रोग्राम तिच्यात मावेना.

आमच्या लायब्ररीत, म्हणजे प्रोग्रामच्या तयार कोडमध्ये, नको ते भाग वगळायच्या सेटिंग्ज आहेत. एकेक बंद करत गेले. दशांश आकडे छापणं बंद. तपासणीच्या नोंदी बंद. न वापरलेली फंक्शन्स टाकून द्यायची सोय चालू केली. वेग गेला तरी चालेल, आकार लहान ठेव, असं प्रोग्राम चिपच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरला सांगितलं. तरी मावेना. उरली एकच सेटिंग: मराठी संदेश. जागा वाक्यं खात नव्हती, अक्षरांची चित्रं खात होती. एकाच वाक्यापुरती अक्षरं ठेवून पाहिली, तीही जास्त झाली. शेवटी त्या सेटिंगच्या ओळीत एकच्या जागी शून्य लिहिलं, म्हणजे बंद. प्रोग्राम मावला. मी चहा ठेवला.

पुढच्या आठवड्यात तलमडुगूकडचं एक जुनं गिऱ्हाईक आलं. एकटीने कापूस करणारी बाई. डबा जळला होता. नवा चालवून दाखवला. पडद्यावर नुसता चारचा आकडा.

"हे काय वं? चार काय?"

"पाणी नाही असं समजायचं, मावशी."

"पहिलं तर कसं सांगे! मले रागवे बी." ती हसली. "तुह्या मालकानं लिवलं होतं ना ते? कुठी हाय तो?"

सांगितलं.

तिने जळका डबा माझ्यापुढे सरकवला. "मंग हेच नीट करून दे."

"याची चिप मिळत नाही आता."

"काऊन?"

"बनतच नाही."

"पोळ्यानंतर येऊ?"

"केव्हाही आली तरी नाही, मावशी."

नव्या डब्याच्या झाकणावर आकड्यांचे अर्थ लिहून चिकटवले. तिने तो पिशवीत टाकला. वर जळकाही टाकला.

"तो चालणार नाही."

"मालूम हाय. राहू दे माह्यापाशी."

ती गेल्यावर उरलेल्या डब्यांत प्रोग्राम भरला. त्याच्या वाक्यांची फाइल अजून कॉम्प्युटरवर आहे. प्रोग्राम नव्याने तयार केला की दर वेळी ती गाळली जाते. कुठेही एरर येत नाही.