साडूंचं अर्धं गाणं

“बंद करा! आधी बंद करा ते!”

माईक चालू होता, त्यामुळे हे शब्द पाळण्यातल्या बाळापासून गल्लीच्या टोकाच्या पिठाच्या गिरणीपर्यंत सगळ्यांनी ऐकले. ओरडणारे आमचे मोठे साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ज्यांच्यावर ओरडले त्या त्यांच्या विहीणबाई, भोकरहून नातीच्या बारशाला नांदेडला आलेल्या. विहीणबाईंचा गुन्हा एवढाच, की कराओकेवर साडूंचं द्वंद्वगीत चालू असताना बाईची ओळ रिकामीच चाललेली त्यांना बघवली नाही. त्यांनी शेजारचा माईक उचलला आणि ती ओळ म्हटली. बऱ्यापैकी म्हटली. मुलीच्या सासूवर, भर बारशात, माईकवरून ओरडणारा बाप मराठवाड्यात आजवर झाला नसेल. आणि झाला असेल तर त्याची मुलगी अजून माहेरीच असेल.

नांदेड ते लातूर या रस्त्यावर आमच्या साडूंइतका माणसांना बेजार करणारा माणूस दुसरा नाही, हे मी कुठल्याही देवळात उभा राहून सांगायला तयार आहे. वीज खात्यातून निवृत्त होईपर्यंत ते अंधारातही शांत असायचे. निवृत्त झाले आणि त्यांनी चाकं लावलेला, लहानशा फ्रीजएवढा स्पीकर घेतला. तो ओढत ते एसटीने माझ्याकडे लातूरला येतात. स्पीकरला खिडकीची जागा, साडू उभे. कंडक्टरने विचारलं तर म्हणतात, “त्याला धक्का लागला तर आवाज बसतो.” लोह्याला एका गृहप्रवेशात त्यांनी असा काही सूर लावला, की शेजारच्या गोठ्यातल्या म्हशींनी संध्याकाळी पान्हा चोरला. अर्धापूरच्या एका दोस्ताच्या केळीच्या बागेत त्यांनी दुपारभर गायलं, तर घड मुदतीआधीच पिवळे पडले. दोस्त अजून त्यांच्याशी बोलत नाही, आणि बागेच्या फाटकाला कुलूप लावतो. खाकरून गळा साफ करण्यात त्यांचा एवढा वेळ जातो, की तोवर सुरुवातीचं संगीत संपतं आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून लावावं लागतं. संपल्यावर ते आपल्यासमोर येऊन बसतात. “खरं सांगा साडू, कसं झालं?” खरं सांगितलं तर सुधारून दाखवतात. खोटं सांगितलं तर खूश होऊन दुसरं म्हणतात. मी या दोन्हींमधून गेलेलो आहे. आता मी नुसती मान हलवतो, आणि ती कुठल्या दिशेने हलवायची हे थकवा ठरवतो.

पण हे सगळं चाललं असतं. न चालण्यासारखी गोष्ट म्हणजे त्यांची द्वंद्वगीतं. गेल्या वर्षापासून ते दुसरं काही म्हणतच नाहीत. आपली ओळ म्हणतात, आणि बाईची ओळ आली की माईक स्वयंपाकघराच्या दाराकडे धरून उभे राहतात. नुसतं संगीत वाजतं. आम्ही पंख्याकडे बघतो. एकदा नेमकी त्या जागी कुकरची शिट्टी झाली तर आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती रिकामी ओळ भरायची कुणाला परवानगी नाही. माझ्या बायकोने एकदा तोंड उघडलं, तर बोटानेच गप्प केलं.

कारण आम्हाला घरच्यांना ठाऊक आहे. स्वयंपाकघरात आक्का असतात. आक्का म्हणजे त्यांची बायको, माझी थोरली मेव्हणी. आक्का गायला लागल्या की भांडी घासणाऱ्या बायका नळ बंद करायच्या, असा त्यांचा आवाज होता. साडूंनी तो स्पीकर आणला तोच मुळी दोघांनी मिळून गावं म्हणून. मग आक्कांच्या गळ्याला गाठ झाली. ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, पण आवाज खरखरीत होऊन बसला. डॉक्टर म्हणाले, गात राहा, वापराल तेवढा सुटेल. आक्का म्हणाल्या, “पत्रा घासल्यावानी वाजतंय ते. लोकांसमोर कोण म्हणंल?” आणि गाणं तर सोडाच, बोलणंही बंद केलं. भूक लागली का, हे आता त्या ताट वाजवून विचारतात. साडूंनी त्यांना एका शब्दाने आग्रह केला नाही. फक्त ओळ मोकळी ठेवायला लागले.

विहीणबाईंना यातलं काय माहीत? त्या उठल्या. पर्स काखेत मारली, माईक हातातच.

“चला हो, गाडी काढा,” त्या आपल्या यजमानांना म्हणाल्या. “आपल्याला इथं तोंड उघडायची बी मुभा न्हाई.”

यजमान हातातली घुगरी घेऊनच उभे राहिले. पाळण्याजवळ आमची भाची, बाळाची आई, पांढरीफटक. साडूंनी माईक खाली घेतला; गाणं चालू असताना माईक खाली जाण्याची ही त्यांची पहिलीच वेळ. स्पीकरला मात्र लाजलज्जा नसते, तो वाजतच राहिला. एक कडवं गेलं. पुन्हा बाईची ओळ आली.

आक्का घुगरीची परात घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी परात माझ्या हातात दिली, पदराला हात पुसले, आणि विहीणबाईंच्या हातातला माईक हळूच काढून घेतला.

आणि म्हटली ओळ. खालच्या सुरात, खरखरत, मधेच श्वास तुटत. पत्रा घासल्यासारखा आवाज होता, खोटं कशाला सांगू. पण ओळ जिथं वळते तिथं बरोबर वळली. विहीणबाई उंबऱ्यापाशी थांबल्या. आक्कांनी त्यांच्याकडे बघून दुसरी ओळही म्हटली, जणू काही माफी मागायचीच ती चाल होती.

मग पुरुषाची ओळ आली, आणि बैठकीत नुसतं संगीत वाजू लागलं. साडू आक्कांकडे बघत उभे. माईक गुडघ्यापाशी.

“आवो व्याही!” विहीणबाई उंबऱ्यातूनच ओरडल्या. “तुमची हाय ती! म्हणा की! दुसऱ्याला तर म्हणू देत न्हाईत!”

सगळे हसले. विहीणबाई पर्स ठेवून बसल्या. आक्कांनी पुढच्या ओळी त्यांना सोबत घेऊन म्हटल्या, आणि साडूंच्या ओळी शेवटपर्यंत रिकाम्याच गेल्या.

संध्याकाळी भोकरची मंडळी जेवून, हसतमुखाने गेली. आक्का आत भाचीला बाळाच्या शेकाबद्दल काहीतरी सांगत होत्या. पुरी वाक्यं बोलत होत्या. साडू बैठकीत स्पीकरची वायर गुंडाळत बसले होते. मी शेजारी टेकलो. वर्षभर हा माणूस मला विचारत आलाय, म्हटलं आज आपण विचारावं.

“काय साडू, आक्कांचं कसं झालं?”

त्यांनी वायरचा वेढा पुरा केला, गाठ मारली.

“पट्टी खाली घ्यावी लागंल,” ते म्हणाले. “तिचा आवाज वर जात न्हाई आता.”