जोडीमागे दोन मुठी

रविवारी संध्याकाळी पुण्यातल्या विद्यार्थ्याला जी भूक लागते ती आठवड्यातल्या इतर कुठल्याही भुकेपेक्षा वेगळी असते, कारण त्या संध्याकाळी मेसला सुट्टी असते. दुपारी मेसवाल्यांनी ‘फीस्ट’ या नावाखाली दोन गुलाबजाम वाढलेले असतात आणि त्यांच्या आठवणीवर सोमवार सकाळपर्यंत निभवायचं असतं. विद्यापीठामागच्या कॅथलिक विद्यार्थी केंद्रात रविवारची मिस्सा, म्हणजे सामुदायिक उपासना, संध्याकाळी सहाला ठेवायचं ज्या कुणा जुन्या फादरांनी ठरवलं, त्यांना माणसाच्या आत्म्याइतकीच त्याच्या पोटाचीही जाण असली पाहिजे. मिस्सा संपली की मागच्या स्वयंपाकघरातून मसालेभाताचं पातेलं बाहेर येई, आणि पातेल्यामागून वेणूबाई त्रिभुवन.

वेणूबाई एकतीस वर्षांपूर्वी राहुरीकडून आल्या आणि आल्या आल्याच त्यांनी स्वयंपाकघर हाती घेतलं. नवरा केंद्राचा वॉचमन होता. तो गेल्यावर त्या मागच्या खोलीतच राहिल्या आणि बघता बघता केंद्राच्या मावशी झाल्या. या काळात सात फादर बदलले. प्रत्येकाने आल्या आल्या काहीतरी नवीन सुरू केलं आणि जाताना मसालेभाताची कृती लिहून मागितली. वेणूबाईंनी ती प्रत्येकाला वेगवेगळी सांगितली. लबाडी म्हणून नव्हे. त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हती.

ठाऊक होतं ते एकच, किती शिजवायचं. मिस्सेला सगळे सतरंजीवर बसत, म्हणून चपला बाहेर पायरीवर निघत. शुभवर्तमानाचं वाचन झालं की वेणूबाई पदराला हात पुसत बाहेर येत आणि पायरीवरच्या जोड्या मोजत. जोडीमागे दोन मुठी तांदूळ. फादर प्रवचनाला सुरुवात करत, तेव्हा इकडे उकळत्या आधणात तांदूळ पडत. आणि शेवटचं गीत सुरू होई, तेव्हा भाताला दणदणीत वाफ आलेली असे. एकतीस वर्षांत भात उरला नाही आणि कुणाला कमी पडला नाही. चूक झाली ती एकदाच. शेजारच्या सोसायटीने वार्षिक सभेसाठी केंद्राचा वरचा हॉल मागून घेतला होता आणि सभासदांनी पायताणं त्याच पायरीवर सोडली. वेणूबाईंनी नव्वद माणसांचा भात टाकला. शेवटी पातेलं वर पाठवावं लागलं. दरवर्षी पार्किंगवरून हमरीतुमरीवर येणारी ती सभा त्या वर्षी ढेकर देऊन संपली, आणि तेव्हापासून सोसायटीचे सेक्रेटरी हॉलची तारीख ठरवायच्या आधी वेणूबाईंना भेटून जातात.

पण नुसता आकडा कळायला चपला कशाला हव्यात? वेणूबाईंना त्यात माणूस दिसे. पूर्वी नगर-श्रीरामपूरकडच्या मुलांच्या करकरणाऱ्या चामडी वहाणा असत. चालताना अशा वाजत की मिस्सेला उशीर झालेला लपवता येत नसे. केरळच्या नर्सिंग शिकणाऱ्या मुलींच्या निळ्या पट्ट्यांच्या रबरी चपला नेहमी ओळीने, जणू वॉर्डातल्या खाटा. मिझोरामच्या मुलींचे घोट्यापर्यंतचे बूट काढायला एक स्तोत्र लागे आणि घालायला दुसरं. रांचीचा एक मुलगा फुटबॉलचे खिळ्यांचे बूट घालून यायचा. त्याच्या जोडीमागे तीन मुठी. बुटांना पॉलिश दिसलं की समजायचं, उद्या मुलाखत आहे. अंगठा तुटलेली चप्पल सलग दोन रविवार दिसली की वेणूबाई सुई-दोरा घेऊन पायरीवर बसत. भात एका हाताला, दुरुस्ती दुसऱ्या हाताला.

वसईचा पियुष आणि स्वराली यांचं जमलंय, हे तर त्या दोघांच्या आधी वेणूबाईंना कळलं होतं. जूनमध्ये त्याची जोडी पायरीच्या या टोकाला आणि तिची त्या टोकाला असे. दिवाळीपर्यंत मधे चारच जोड्या राहिल्या. ईस्टरआधीचा उपासकाळ सुरू झाला तेव्हा तिची उजवी चप्पल त्याच्या डाव्या बुटावर टेकलेली होती. वेणूबाईंनी फक्त ज्ञानदेवांना सांगितलं. ज्ञानदेव वेदीवरच्या मेणबत्त्या, घंटा, माइक आणि हार्मोनियम बघतात. जन्म खडकीतला, त्यामुळे बोलणं मोजकं आणि बोचरं.

“चपलांवरून लग्न जुळवताय?” ते म्हणाले. “मग पत्रिकेवर नावं टाकू की मापं?”

अशी सगळी घडी बसलेली असताना, गेल्या दिवाळीनंतर बाकडी आली.

फादर तेजस हे आठवे. वय छत्तीस, उत्साह सोळा वर्षांचा. कुठल्याशा मोठ्या चर्चने नवीन फर्निचर केलं आणि जुनी सागवानी बाकडी यांना देऊ केली. मुलं खूश झाली. सतरंजीवर तासभर मांडी घालून बसताना आजच्या पिढीच्या गुडघ्यांचे हाल होतात. बाकडी आली, सतरंजी गेली आणि पहिल्याच रविवारी मुलं बूट-चपलांसकट आत जाऊन बसली.

शुभवर्तमान झाल्यावर वेणूबाई बाहेर आल्या. पायरी मोकळी. फक्त एक मांजर बसलं होतं. वेणूबाई त्या मांजराकडे बराच वेळ बघत राहिल्या.

त्या दिवशी अंदाजाने भात टाकला आणि अकरा जण उपाशी गेले. वेणूबाईंनी पातेल्याला चिकटलेली खरपुडीसुद्धा खरवडून वाढली. मुलं हसत म्हणाली, “चालतं मावशी, आम्ही वडापाव खाऊ.” वेणूबाईंच्या मनाला तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी फादर स्वयंपाकघरात आले. “मावशी, काळजी करू नका. मी ग्रुपवर पोल टाकतो. कोण येणार, कोण नाही, शनिवारीच कळेल.”

“पोल म्हंजी?”

“मुलं फोनवर हो किंवा नाही दाबतात.”

“आन् दाबलं की येत्यात?”

फादर हसले. मग म्हणाले, “हे बघा, तुमचे गुडघेही आता दुखतात. तीन रविवार पोलवर करून बघू. नाहीच जमलं, तर एक केटरर आहे ओळखीचा, तो डबे देईल. तुम्ही निवांत मिस्सेला बसा. तुमची खोली कुठे जात नाही.”

बोलणं मायेचंच होतं, म्हणून तर उलट बोलता येईना. फादर गेल्यावर वेणूबाईंनी पातेलं घासायला घेतलं. ते आधीच घासलेलं होतं.

पहिल्या रविवारी एक्केचाळीस जणांनी ‘हो’ दाबलं आणि आले एकोणीस. मंगळवारपर्यंत ज्ञानदेव सकाळ-संध्याकाळ भात खात होते. बुधवारी ते म्हणाले, “वेणूबाई, आता मलाच पेरा. उगवेन.”

दुसऱ्या रविवारी परीक्षा तोंडावर होती म्हणून बाराच ‘हो’ आले. आणि परीक्षा तोंडावर होती म्हणूनच देवाची आठवण झालेले सदतीस जण हजर झाले. पातेलं दहाव्या मिनिटाला रिकामं वाजलं. फादरांनी स्वतः जाऊन पाव आणले. ते रागावले नाहीत, फक्त एवढंच म्हणाले, “पुढच्या रविवारी बघू. केटररशी मी बोलून ठेवतो.”

वेणूबाई त्या रात्री जेवल्या नाहीत. एकतीस वर्षं त्यांनी विद्यार्थ्यांची मिस्सा पाहिली नव्हती, ऐकली होती, ती स्वयंपाकघरातल्या जुन्या कर्ण्यातून आणि फोडणीच्या आवाजातून. स्वतःची मिस्सा त्या सकाळी मोठ्या चर्चमध्ये करून येत. संध्याकाळी त्यांच्या वाट्याला यायचा तो पायरीवरचा दहा मिनिटांचा वेळ. कोण आलं, कोण राहिलं, कुणाची चप्पल झिजली. तेवढंच. त्यालाच त्या आपली सेवा समजत होत्या. निवांत बसून काय करायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

तिसऱ्या रविवारी पोलने सत्तावीस सांगितले. वेणूबाईंनी तो आकडा ऐकला आणि बाजूला ठेवला. शुभवर्तमान संपलं, फादरांनी प्रवचनाला तोंड उघडलं, आणि मागच्या दारातून वेणूबाई आत आल्या. डोक्यावर पदर, कमरेत वाकलेल्या. मधल्या वाटेने एकेका बाकड्याखाली डोकावत, ओठ हलवत त्या पुढे सरकू लागल्या. आधी एक हसला, मग एक ओळ हसली. काहींनी शहाण्यासारखे पाय पुढे केले.

फादर थांबले. “मावशी, काही हरवलंय का?”

“न्हाय फादर. मोजतीय. तुमचं चालू द्या.”

चालू देणं आता कुणालाच शक्य नव्हतं. वेणूबाई अगदी पुढच्या ओळीपर्यंत गेल्या, कमरेवर हात ठेवून सावकाश सरळ झाल्या आणि म्हणाल्या, “तेहेतीस. पर ती नाशिकची पोरगी न्हाय आली.”

“कोण?”

“नाव न्हाय आठवत. पांढरे बूट, उजव्याची नाडी तुटकी. गाठ मीच मारून दिली व्हती.”

“ऋतुजा!” दोन-तीन जण एकदम बोलले.

“ती येते की,” फादर म्हणाले. “तिन्ही पोलमध्ये पहिलं ‘हो’ तिचंच आहे.”

दुसऱ्या ओळीतली पूर्णिमा उभी राहिली. ती ऋतुजाची रूममेट होती, पण स्वतः गेले दोन रविवार घरी गेलेली. तिचा आवाज अगदी खाली गेला होता. “फादर, ती दिवाळीपासून खोलीतून फारशी बाहेरच पडत नाही. पेपर राहिलाय तिचा. सगळ्यांना ‘हो’ म्हणते, म्हणजे कुणी विचारत नाही.”

हसू कुठल्या कुठे गेलं. फादर वेदीपाशी उभे होते. त्यांच्या हातात चार पानी प्रवचन होतं. ते त्यांनी घडी करून बाजूला ठेवलं आणि म्हणाले, “आज आपण ऋतुजासाठी थोडा वेळ गप्प बसू या. मावशी, तुम्ही भात टाका. तो शिजेपर्यंत आम्ही संपवत नाही.”

भात टाकला, तो चौतिसांचा. मिस्सा सव्वातास चालली. ज्ञानदेवांनी हार्मोनियमवर माहीत असलेली सगळी गीतं म्हणून घेतली आणि मग माहीत नसलेलीही. भात एका शितानेही उरला नाही. पूर्णिमा झाकलेला डबा घेऊन सगळ्यांच्या आधी निघाली, तेव्हा वेणूबाईंनी तिच्या हातात नवी पांढरी नाडीही दिली. फादर फाटकापर्यंत तिच्यासोबत गेले. होस्टेलवर जाऊन ऋतुजाला भेटायचं, घरच्यांशी बोलायचं, हे त्यांनी तिथेच ठरवलं.

परत येऊन ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. “मावशी, केटररला मी नको म्हणून कळवलंय. पुढच्या रविवारपासून बूट बाहेर काढायला सांगतो.”

“नगा सांगू,” वेणूबाई म्हणाल्या. “थंडीची फरशी बर्फावानी हाय. बाकड्यावर बसल्यावर पाय कुठं ठिवायचे लेकरांनी?”

“मग तुम्ही दर रविवारी अशा वाकत येणार? गुडघे जातील.”

“तुम्ही काय करता हो तिथं उभं राहून? तोंडं तर समदी तुमच्याकडंच असत्यात. तुम्ही मोजा की.”

एकतीस वर्षांत हे कुणी सुचवलं नव्हतं, ना या फादरांना, ना त्यांच्या आधीच्या सातांना.

पुढच्या रविवारी शुभवर्तमान झालं. फादरांनी चष्मा वर सरकवला, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकेका चेहऱ्यावर नजर थांबवली, चौथ्या ओळीत पूर्णिमाशेजारी बसलेल्या मुलीवर जरा जास्तच, आणि प्रवचनाला सुरुवात केली: “माझ्या प्रिय अडतीस बंधुभगिनींनो...”

मुलं एकमेकांकडे बघू लागली. मागे कर्ण्यातून आकडा ऐकून वेणूबाईंनी मुठी मोजल्या. फादर स्वतःला धरायला विसरले असणार, म्हणून त्यांच्या आणि ज्ञानदेवांच्या नावाने चार जादा टाकल्या.

मिस्सा संपल्यावर ज्ञानदेव थाळी घेऊन आले. “वेणूबाई, प्रवचनाची ही पद्धत बिशपसाहेबांच्या कानावर गेली म्हणजे?”

“जाऊ द्या,” वेणूबाई डाव हलवत म्हणाल्या. “फक्त ते यायचे असतील त्या दिवशी फादरांना म्हणावं, आकडा त्यांनाबी धरून सांगा.”